गुणाजी आणि सात हिरवे दिवे

डोंगराच्या कुशीत तांबवली नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गडी होता. भोळे गडी गावोगाव असतात. पण बाकीचे भोळे आपल्या चुकीने चुकतात. हा गडी दुसऱ्याने सांगितलेलं तंतोतंत ऐकून चुकायचा. त्याचं नाव गुणाजी. नाव ठेवताना आईबापांनी फार विचार केला नसावा.

गुणाजीने कामं पुष्कळ धरली आणि तितकीच सोडली. गिरणीवाल्याने सांगितलं, पट्ट्यावरची नजर हलवू नकोस. गुणाजीने दोन तास पट्ट्यावरची नजर हलवली नाही. पीठ जमिनीवर पडत होतं, ते त्याने पाहिलं नाही, कारण त्याची नजर पट्ट्यावर होती. दुसऱ्या दिवशी तो घरी बसला.

त्याच्या बायकोचं नाव सुंदरा. ती शहाणी होती आणि तिचा गुणाजीवर जीव होता, हीच तिची पंचाईत. पण जीव असला तरी पोट असतंच. एक दिवस ती म्हणाली, "ह्या बारीला काम सुटलं तर मी पाखरवाडीला माहेरी जाणार. आन् न्यायला येऊ नका."

सुंदराशिवाय राहायचं कसं, हे गुणाजीला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

त्याच सुमारास गावात डबे आले. तांबवलीच्या सहा वाड्या सहा डोंगरांवर विखुरलेल्या. तिथे मोबाइलला रेंज नाही. म्हणून एका संस्थेने गावठाणात एक आणि वाड्यांवर सहा असे वायरलेसचे सात डबे बसवायचं ठरवलं. डब्याला वर सोलरची पाटी, पुढे एक दिवा. दिवा हिरवा असला की ठीक, पिवळा झाला की नड आहे, लाल झाला की गेला. तारेतून नेट यायचं ते गावठाणातल्या मुख्य डब्यात. तिथून ते हवेतून एका डब्याकडून दुसऱ्याकडे जायचं. गुणाजीचं घर गावठाणात सगळ्यात उंचावर, म्हणून मुख्य डबा त्याच्याच कौलांवर बसला.

संस्थेच्या रेवती मॅडम गावाला समजावून सांगत होत्या. हे डबे आपले आपण सावरतात, त्या म्हणाल्या. एखादा बिघडला तर बाकीचे त्याला वगळून वाट काढतात. राखणदाराला विशेष काही करावं लागत नाही. पाटी पुसायची, दिवा बघायचा. त्यामुळे राखणदार म्हणून कोणीही चालेल.

कोणीही चालेल म्हटल्यावर सगळ्या गावाने गुणाजीकडे बघितलं.

सरपंच हौसाक्का जरा कां कूं करत होत्या. शेवटी एक महिना बघू, असं ठरलं. महिनाअखेरीला तालुक्याचे साहेब आपल्या पडद्यावर सातही डबे तपासणार. त्यानंतर गुणाजी पक्का, नाहीतर घरी.

सुंदराने त्याला ओट्यावर बसवून बजावलं. "म्याडम शिकलेल्या हायेत. त्या जे सांगतील ते ध्यानात ठेवा आन् तसंच वागा. खूणगाठ बांधा."

गुणाजीने उपरण्याला एक गाठ मारली.

पहिल्याच आठवड्यात त्याने मॅडमना विचारलं की एका डब्याने पाठवलेला निरोप दुसऱ्याला पोचला, हे त्याला कळतं कसं. मॅडमना बरं वाटलं. त्यांनी सांगितलं की निरोप पोचला की समोरचा डबा उलटा निरोप पाठवतो, पोचलं म्हणून. तशी पोच आली नाही तर पहिला डबा तोच निरोप परत पाठवतो. पोच येईपर्यंत पाठवतो, कंटाळत नाही. म्हणून तर मधे काही हरवलं तरी बिघडत नाही.

गुणाजीने दुसरी गाठ मारली.

हौसाक्कांच्या लेकीचं लग्न निघालं होतं. चांगला दिवस बघून घरोघर अक्षत द्यायची होती. गुणाजी सगळ्या वाड्यांना फिरतोच, तर त्यालाच अक्षत द्या, असं घरात ठरलं. आधी देवाला, मग लक्ष्मण गुरवाला, मग गावाला.

गुणाजीने देवापुढे अक्षत ठेवली आणि तो गुरवाकडे वळला. त्याने सांगितलं, "हौसाक्काच्या घरी लगीन हाय. समद्यांनी यायचं."

गुरवाने मान हलवली. बोलला नाही, कारण त्याचं मौन होतं. हरवलेली म्हैस सापडू दे, सव्वा महिना मौन धरीन, असा त्याने नवस केला होता. म्हैस तिसऱ्या दिवशी सापडली. मौन चालू होतं. छत्तीस दिवस झाले होते, दोन उरले होते.

पण मान हलवणं म्हणजे उलटा निरोप नव्हे. गुणाजीने परत सांगितलं. गुरवाने हात जोडले. गुणाजीने परत सांगितलं. गुरवाने प्रसाद दिला, खुणेने येतो म्हटलं, अंगणात काठीने 'येतो' असं लिहून दाखवलं. गुणाजीला वाचता येत नव्हतं. त्याने परत सांगितलं. गुरव देवळाला प्रदक्षिणा घालू लागला, तर गुणाजी मागून प्रदक्षिणा घालत सांगू लागला. गुरव गाभाऱ्यात गेला आणि त्याने दार लावलं. गुणाजी दाराला तोंड लावून सांगू लागला. गावातली पोरं जमली आणि मोजू लागली. एकशे बारा झाले तेव्हा दार उघडलं.

"येतो रे बाबा, येतो," गुरव ओरडला.

"पोच आली," गुणाजी म्हणाला आणि समाधानाने निघाला. तोवर दिवस मावळला होता. चांगला दिवस सरला होता आणि उरलेल्या दोनशे घरांची अक्षत तशीच राहिली होती. गुरवाने कपाळावर हात मारून घेतला आणि मौन पहिल्या दिवसापासून परत सुरू केलं.

हौसाक्कांनी गुणाजीची हजेरी घेतली. काढूनच टाकणार होत्या, पण रेवती मॅडम मधे पडल्या. सातही दिवे हिरवे आहेत, त्या म्हणाल्या. डब्यांचं काम नीट चाललंय. खरं म्हणजे डबे आपले आपणच चालत होते, पण ते कोण लक्षात घेतो.

सुंदराने घरी बोटं मोजली. "अजून चोवीस दिस," ती म्हणाली. "कसेबी काढा."

मॅडमनी गुणाजीला जवळ बसवलं. अरे, नुसतं बोलत सुटायचं नसतं, त्या म्हणाल्या. हवा एकच आहे आणि तिच्यात एका वेळी एकानेच बोलायचं असतं. म्हणून डबा आधी कान देतो. कोणी बोलत असेल तर गप्प राहतो. हवा मोकळी झाली की मग बोलतो. तरीही दोघं एकदम बोललेच तर दोघांचं वाया जातं. तेव्हा गप्प व्हायचं आणि थोडं थांबायचं. पुन्हा तसंच झालं तर दुप्पट थांबायचं.

गुणाजीने तिसरी गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात हौसाक्कांकडे रुखवताचे पापड होते. गावातल्या बाराजणी पडवीत बसून लाटत होत्या. लाटलेले पापड वर गच्चीवर वाळत होते. पाचशे तरी असतील. गच्चीवर राखणीला गुणाजीला बसवलं होतं, कारण तो गावाचा राखणदार. हौसाक्कांनी त्याला सांगितलं होतं की माकडं आली तर मला खाली येऊन सांग.

माकडं आली. चांगला मोठा कळप होता. गुणाजीने त्यांना हाकललं नाही, कारण हाकल असं कोणी म्हणालं नव्हतं. तो जिना उतरून पडवीच्या दारात आला. त्याने तोंड उघडायच्या आधी कान दिला.

बाराजणी बोलत होत्या.

गुणाजी थांबला. उडदाच्या पिठाचं बोलणं संपलं आणि खारकेच्या भावाचं निघालं. ते संपायच्या आत कोणाच्या तरी नणंदेचं निघालं. नणंदेचं बोलणं फार चाललं. मधेच एकदा क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. गुणाजीने तोंड उघडलं, तोच कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "पण नणंदेचंबी काय चुकलं?" दोघं एकदम झाले. गुणाजी गप्प झाला आणि त्याने मनात दहापर्यंत आकडे मोजले. पुढच्या खेपेला तसंच झालं. त्याने वीस मोजले. मग चाळीस. मग ऐंशी मोजायचे होते, पण त्याला चाळिसाच्या पुढे येत नव्हतं, म्हणून त्याने चाळीसच दोनदा मोजले.

तेवढ्यात एक माकड जिन्यावरून खाली आलं. त्याच्या दोन्ही हातांत पापड होते आणि एक तोंडात. ते पडवीतून शांतपणे चालत अंगणात गेलं. त्याच्या मागून दुसरं गेलं. बाराही बायका लाटणी हातात धरून बघत राहिल्या. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना.

गुणाजीने कान दिला. हवा मोकळी होती.

"माकडं आलीत," तो म्हणाला.

गच्चीवर तेवीस पापड उरले होते. त्यांतले नऊ चाटलेले होते. हौसाक्कांनी लाटणं फेकलं, ते गुणाजीच्या कानाजवळून गेलं. घरी सुंदराने बोटं मोजली. "अठरा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणाजीला वाईट वाटलं. त्याने मनाशी ठरवलं की आता तरी मॅडम सांगतात तसंच काटेकोर वागायचं.

मॅडमना आता गुणाजीची थोडी धास्ती वाटू लागली होती. तरी त्यांनी सांगितलं की बाबा रे, नुसतं थांबून राहणं हेही खरं नाही. समोरची वाट बंद असली तर डबा अडून बसत नाही. तो शेजारच्या डब्याकडे जातो, तिथून त्याच्या शेजारच्याकडे, आणि असा फिरत फिरत मुक्कामाला पोचतो. लांब पडलं तरी चालेल, पण पोचायचं.

गुणाजीने चौथी गाठ मारली. उपरणं आखूड होत चाललं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. नवरदेव मारुतीच्या देवळात उतरला होता. तिथून मांडव दोनशे पावलांवर. नेमकी त्याच वाटेत उसाची ट्रॉली मोडून पडली. बाजूने माणसाला जायला जागा होती. घोडा मात्र जात नव्हता. हौसाक्का घाईत होत्या आणि समोर गुणाजी दिसला. त्यांच्या आयुष्यातली ही मोठी चूक. त्या त्याला म्हणाल्या की घोडा राहू दे, नवरदेवाला पायी मांडवात घेऊन ये.

गुणाजीने ट्रॉली बघितली. वाट बंद होती. बंद म्हणजे बंद. त्याने नवरदेवाचा हात धरला आणि देवळाशेजारच्या घरात शिरला.

आता नवरदेव मुंडावळ्या बांधून दारात उभा राहिला, तर त्याला कोण तसा जाऊ देईल? घरच्या बाईने ताम्हन आणलं, ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला आणि चहा टाकला. चहा न घेता जायचं म्हणजे घराचा अपमान. नवरदेव नवखा, नाही म्हणायची त्याला भीती. त्याने चहा घेतला. मग गुणाजी त्याला मागच्या दाराने शेजारच्या घरात घेऊन गेला. तिथे ताम्हन, कुंकू, नारळ, चहा. तिथून त्याच्या शेजारच्या घरात. एका घरात म्हातारा आंघोळीला बसला होता, त्याने तसंच पंचा गुंडाळून नवरदेवाला टोपी घातली. एका घरात चहा नको म्हटलं, तर दूध दिलं.

मांडवात अकरा बेचाळीस झाले. बारा झाले. एक झाला. भटजींनी पंचांग मिटलं. वऱ्हाडी नवरदेवाला शोधायला वाटेवर धावले, पण वाटेवर तो नव्हताच. तो नवव्या घरात होता.

दोन वाजता तो मांडवाच्या मागच्या बाजूने उगवला. कपाळ कुंकवाने इतकं भरलं होतं की सख्ख्या मामाने ओळखलं नाही. डोक्यावर चार टोप्या होत्या. मागे गुणाजी चौदा नारळांचं पोतं घेऊन उभा होता.

"लांब पडलं," गुणाजी म्हणाला, "पण पोचलो."

नवरदेवाला बोहल्यावर उभं करायला गेले, तर तो उभा राहीना. चौदा घरचा चहा प्यायलेला माणूस होता. तो आधी मांडवाबाहेर पळाला.

पुढचा मुहूर्त संध्याकाळचा निघाला. तोवर वरपक्षाचा बँड आणि वधूपक्षाची हलगी यांची जुगलबंदी लागली. लग्नाला आलेल्या रेवती मॅडमनी कानांवर हात ठेवले आणि सहज शेजारी बसलेल्या गुणाजीला म्हणाल्या की बघ, असा गोंगाट झाला की डबे काय करतात ठाऊक आहे का, ती जागा सोडतात आणि लहरींच्या दुसऱ्या शांत पट्ट्यावर जाऊन बोलतात. बोलल्यानंतर त्यांनी जीभ चावली. पण गुणाजी उठला होता.

भटजींनी मंगलाष्टकांचं पहिलं अक्षर काढलं, तसं त्याने त्यांना दंडाला धरून मागच्या गोठ्यात नेलं. गोठा शांत होता. भटजी म्हातारे, डोळ्यांनी अधू. समोर दोन आकृत्या होत्या, एवढं त्यांना दिसत होतं. त्यांनी पाच मंगलाष्टकं सुरात म्हटली. गुणाजीने वेळच्या वेळी अक्षता टाकल्या. सावधान झालं तेव्हा समोरच्या दोन म्हशींतली एक हंबरली.

भटजींना परत आणून लग्न पुन्हा लावलं. कसं का होईना, लागलं.

त्या रात्री हौसाक्का थेट गुणाजीच्या दारात आल्या. याला आत्ता काढते, त्या म्हणाल्या. सुंदरा चुलीपुढून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघून हौसाक्कांचा आवाज खाली आला. बाईमाणसाचं दुःख त्यांना कळत होतं. मॅडमनीही गळ घातली. शेवटी सौदा ठरला. तपासणीच्या दिवशी साहेबांच्या पडद्यावर सातही दिवे हिरवे दिसले तर गुणाजी राहील. एक जरी पिवळा दिसला, तर त्याच दिवशी गेला.

"धा दिस," सुंदरा म्हणाली. "लगीन तर झालं. आता कोणाचं काय करायचं ऱ्हायलंय? नुस्ते डबे संभाळा."

आठ दिवस गुणाजीने नुसते डबे सांभाळले. काही घडलं नाही. हौसाक्कांची लेक सासरी निघाली तेव्हा पोचवायला हौसाक्का आणि पाठराखीण म्हणून सुंदरा तिच्याबरोबर गेल्या. तपासणीच्या दिवशी सकाळी दोघी परतणार होत्या.

आणि तपासणीच्या आदल्या दिवशी खडकवाडीचा दिवा पिवळा झाला.

गुणाजी धावत मॅडमकडे गेला. मॅडमनी सांगितलं की घाबरू नकोस, चैत्र आहे, आंब्याला पालवी फुटली असेल आणि फांदी आडवी आली असेल. डब्यांच्या मधे काही आलं की जोर कमी होतो आणि दिवा पिवळा पडतो. डबे जितके जवळ आणि मधली जागा जितकी मोकळी, तितका दिवा हिरवागार. "फांदी छाटून टाक म्हणजे झालं," असंही त्या म्हणाल्या. पण तोवर गुणाजी गाठ मारत होता आणि गाठ मारताना त्याला ऐकू येत नसे.

तो विचार करत घरी आला. आज खडकवाडीला आंबा आडवा आला. उद्या दुसऱ्या वाडीला फणस येईल. झाडं काय, वाढतच राहणार. त्यापेक्षा जवळ आणि मोकळं. त्याने गुरवाची शिडी घेतली, हौसाक्कांच्या गोठ्यातला दोर घेतला आणि चालू लागला. एक डोंगर चढला, डबा काढला, पाटीसकट डोक्यावर घेतला आणि घरी आणला. मग दुसरा डोंगर. त्याच्या पायांत ताकद फार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत त्याने सहाही डबे आणले, अंगणात सडा घातला, आणि ओळीने पाटावर मांडले. वर कौलांवर मुख्य डबा, खाली सहा. उन्हात पाट्या चमकत होत्या. मधे काही आड येऊ नये म्हणून त्याने वाळत घातलेलं धोतरसुद्धा काढून ठेवलं.

सातही दिवे हिरवेगार झाले.

दहा वाजता तालुक्यात साहेबांनी पडदा लावला. त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. मॅडमना फोन करून ते म्हणाले की वीस वर्षांच्या नोकरीत असे डबे पाहिले नाहीत. एकाचाही जोर कणभर कमी नाही. डोंगराळ मुलखात हे कसं जमवलं? त्या राखणदाराला मला भेटायचंय. ते जीपमध्ये बसले आणि वाटेत त्यांनी हार विकत घेतला.

जीप तांबवलीत शिरली, तेव्हा डोंगरांवरून माणसं उतरत होती. एका वाडीचे मास्तर आले. दुसऱ्या वाडीचा रेशनवाला आला, मशीन सकाळपासून अंगठा घेईना म्हणून. तिसऱ्या वाडीच्या नर्सबाई आल्या. सगळे एकच सांगत होते की नेट नाही आणि खांबावर डबाही नाही. ती सगळी माणसं, साहेब, मॅडम आणि लेकीला पोचवून परत आलेल्या हौसाक्का व सुंदरा, सगळे एकाच वेळी गुणाजीच्या अंगणात पोचले.

साहेब हातात हार घेऊन पाटांच्या ओळीपुढे उभे राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"जवळ आणले, साहेब," गुणाजी म्हणाला. "मधी आता आंब्याचं पानसुदिक न्हाई."

मॅडमनी मान खाली घातली. सुंदरा मात्र ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. भरल्या अंगणात ती रडत होती आणि गुणाजी तिच्याकडे बघत होता. दिवे हिरवे असताना ही का रडते, हे त्याला समजेना आणि ती रडते हे त्याला बघवेना. त्याचाही चेहरा रडवेला झाला.

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी दोघांकडे बघितलं. मग आवाज चढवून गुणाजीला म्हणाले, "शेवटची संधी देतो. या घरात बाहेरून जे जे आणलंस, ते जिथून आणलंस तिथे नेऊन ठेव. दिवस मावळायच्या आत. एकही वस्तू मागे राहता कामा नये. एवढं नीट केलंस तर तुझी नोकरी पक्की."

गुणाजीने ते दोनदा वदवून घेतलं आणि गाठ मारली.

तो पळतच सुटला. डबे डोक्यावर घेऊन त्याने सहा डोंगर केले. मास्तर, रेशनवाला आणि अर्धी वाडी हाताखाली आली, म्हणून काम लवकर आवरलं. मॅडमनी खडकवाडीला स्वतः उभं राहून आंब्याची फांदी छाटून घेतली. डबे खांबांवर चढले आणि एकमेकांना शोधू लागले. कोणी काही न सांगता एकाने दुसऱ्याला धरलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच वाजता सातही दिवे हिरवे झाले, आपापल्या डोंगरावर. साहेबांनी सगळ्यांसमोर हार गुणाजीच्या गळ्यात घातला, नोकरी पक्की झाली म्हणून जाहीर केलं आणि ते जीपमध्ये बसून गेले. हौसाक्कांनीसुद्धा एक टाळी वाजवली.

सुंदराला काय करू आणि काय नको असं झालं. महिनाभराचा घोर संपला होता. कोणी कुठे जाणार नव्हतं. तिने गूळ किसायला घेतला, डाळ शिजत घातली. आज पुरणपोळी.

गुणाजी मात्र अजून कामात होता. त्याने शिडी गुरवाला नेऊन दिली. दोर हौसाक्कांच्या गोठ्यात टांगला. शेजारून कधीतरी आणलेली टोपली परत केली. मग तो घराच्या मधोमध उभा राहिला आणि चारी कोपऱ्यांत नीट बघत, बाहेरून आणलेलं आणखी काय उरलंय ते आठवू लागला. दिवस कासराभर वर होता. बघता बघता त्याची नजर चुलीपाशी थांबली.

"सुंदरा, चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"पाखरवाडीला."

सुंदराचा चेहरा फुलला. ही बातमी आपल्या वडिलांना, तात्यांना सांगायला जायचं म्हणतायत, असं तिला वाटलं. आपल्या नवऱ्याला आपणहून असं सुचलं, याचंच तिला कौतुक वाटलं. तिने चूल विझवली, हिरवं लुगडं नेसलं, केसांत अबोलीचा गजरा माळला. वाटभर ती बोलत होती. आता पत्रा घालून घेऊ, आता शेळी घेऊ. गुणाजी भरभर चालत होता आणि मधूनमधून उन्हाकडे बघत होता.

पाखरवाडीला पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. तात्या अंगणात बाज टाकून बसले होते. लेकीला आणि गळ्यात हार घातलेल्या जावयाला बघून ते उठून पुढे आले. गुणाजी सासऱ्याच्या पाया पडला. मग त्याने अंगणाचा अंदाज घेतला. आठ वर्षांपूर्वी लग्नाचा बोहला कुठे होता, ते त्याला बरोबर आठवत होतं. तुळशीपासून चार पावलं, उजव्या हाताला. त्याने सुंदराचा हात धरून तिला तिथे नेलं, नीट उभं केलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि पुन्हा जवळ येऊन जरासं डावीकडे सरकवलं.

सुंदराला वाटलं, आता हे तात्यांना बातमी सांगणार. ती पदर सावरून हसत उभी राहिली.

"सुंदरा, नोकरी पक्की झाली," गुणाजी म्हणाला. "आता तुला माहेरी यायची काही गरज न्हाई."

आणि दिवस मावळायच्या आत काम झालं, या समाधानात तो एकटाच घराकडे चालू लागला.